हलव्याचा मुकुट

"खोकं उघडू नका, आत्या," मैथिली म्हणाली.

"उघडल्याशिवाय पोरीला दिसणार कसं?" आक्का म्हणाली आणि तिनं खोकं उघडलं.

संक्रांतीचा आदला दिवस होता. माझी थोरली बहीण सकाळच्या एस.टी.नं कुरुंदवाडहून आमच्या सांगलीच्या फ्लॅटमध्ये येऊन पोचली होती. अजून तिनं चपला काढल्या नव्हत्या, पण टेबलावर पुठ्ठ्याचं खोकं मांडलं होतं. आत काळ्या मखमलीच्या तुकड्यावर हलव्याचा मुकुट होता, पांढराशुभ्र आणि काटेदार. शेजारी हार, बाजूबंद, कंबरपट्टा. कुरुंदवाडात कुणाचंही पहिलं बोरन्हाण असलं की हलव्याचे दागिने आक्काचेच, असा तिचा लौकिक होता, आणि तो तिनं स्वतःच गावभर पोचवला होता.

माझी पाच वर्षांची नात जुई खुर्चीवर गुडघे टेकून बघत होती. तिनं हात लावला नाही. दोन्ही हात तिनं आपणहून पाठीमागे धरले होते.

"हे कुणाचं?" तिनं विचारलं.

"तुझं. नाहीतर काय ह्या टकल्या दिगूचं?"

टकला दिगू म्हणजे मी. मैथिली म्हणजे माझी सून. तिनं हात पुढे करून खोक्याचं झाकण लावलं. जोरात नाही. तिला राग आला की ती सगळं हळू करायची.

"आमच्या घरात साखर येत नाही, आत्या. तुम्हाला ठाऊक आहे."

ठाऊक सगळ्यांनाच होतं. जुईला अपस्माराचे झटके यायचे. हातपाय झाडणं, तोंडाला फेस वगैरे काही नाही. चालता चालता तिची मान एकदम खाली पडायची आणि पाठोपाठ ती. डोळ्याचं पातं लवेपर्यंत सगळं संपलेलं असायचं आणि कपाळाला नवीन टेंगूळ आलेलं असायचं. म्हणून घरात वावरतानासुद्धा तिच्या डोक्यावर फोमचं लाल हेल्मेट असे. एकामागून एक औषधं झाली. शेवटी पुण्याच्या डॉक्टरांनी कीटो आहार सुचवला. भात, पोळी, फळं, साखर सगळं बंद. त्याऐवजी लोणी, साय, खोबरेल तेल, अंडं आणि मोजकी कोबी. सगळ्यांना लागू पडतो असं नाही, म्हणाले, पण पडला तर पडतो. आणि पाळायचा तर पूर्ण पाळायचा.

मैथिलीनं पूर्ण पाळला. ओट्यावर काटा आला. जुईच्या पानातला प्रत्येक घास त्यावर तोलला जाऊ लागला. आमचं स्वयंपाकघर आणि सराफाची पेढी यांत एवढाच फरक उरला, की सराफ गिऱ्हाइकाशी हसून बोलतो. जुईची टूथपेस्ट बदलली. माझं खोकल्याचं औषध गोड निघालं म्हणून हद्दपार झालं. मी चहासुद्धा समोरच्या फ्लॅटमध्ये पल्लवीकडे जाऊन प्यायचो. माझा मुलगा कौस्तुभ नोकरीनिमित्त सुरतेला असे. तो सुटीत आला की आम्ही बापलेक दोघं तिकडे जाऊन, दारुडे बसतात तसे, चहा पीत बसायचो.

पण जुईचं पडणं कमी झालं. मग थांबलं. आणि मग दिवाळीला आक्का आली.

तिनं जुईला अनारशाचा एक कोपरा दिला. "एवढ्याशानं काय होतंय?" असं म्हणून. दुसऱ्या दिवशी जुई मोरीच्या उंबऱ्यावर पडली, हनुवटी फाटली, टाके पडले. अनारशामुळेच झालं असं छातीठोकपणे सांगता येणार नाही, असं डॉक्टर म्हणाले. मैथिलीला ते छातीठोकपणे सांगता येत होतं. तेव्हापासून ती आक्काशी कामापुरतंच बोलत होती, आणि काम काही निघत नव्हतं.

त्यानंतर पुन्हा झटका आला नव्हता. हेल्मेट दाराआडच्या खिळ्याला लटकत होतं. ते माळ्यावर टाकायचं धाडस अजून कुणी केलं नव्हतं.

"मी खाणार नाही," जुई झाकणाकडे बघत म्हणाली. "नुसता घालीन. हेल्मेटच्या ऐवजी."

मी छताकडे बघितलं. पंखा स्वच्छ होता.

"उद्या समोरच्या बाळाचं बोरन्हाण आहे," आक्का म्हणाली. "त्याचाही साज मीच आणलाय. त्याच्या शेजारी बसवू. पाच वर्षांपर्यंत करतातच की. ही शेवटची संधी."

"बाबा, तुमचं काय म्हणणं?"

हा प्रश्न सुनेनं विचारला की उत्तर नसतं द्यायचं. पण जुईनंही माझ्याकडे बघितलं.

"घालू दे," मी म्हणालो. "तू शेजारी बस."

"मी तिच्यावरची नजर हटवणार नाही," मैथिली म्हणाली. ते जुईला उद्देशून नव्हतं.

दुपारी आक्कानं दाराबाहेर चपलांच्या कपाटावर परातीत पाणी ओतलं, मधोमध वाटी उपडी घातली आणि तिच्यावर बाळाच्या साजाचं खोकं ठेवलं. मुंग्या लागू नयेत म्हणून. जुईचं खोकं मात्र तिनं आत नुसतंच फ्रिजवर सरकवून दिलं.

"ह्याला मुंग्या लागतील," मी म्हणालो.

"नाही लागायच्या."

"का?"

"मी सांगून ठेवलंय त्यांना."

तिच्या जवळजवळ सगळ्या बोटांना चिकटपट्ट्या होत्या. हलवा करताना मंद आचेवर परातीत खसखस घेऊन, चमचा चमचा पाक सोडत, बोटांनी हलवत राहावं लागतं. तेव्हा कुठे काटे फुटतात. बोटं भाजायचीच. पण एवढी कधी बघितली नव्हती.

"यंदा जास्त भाजलीत गं."

"तू तुझं वर्तमानपत्र वाच," आक्का म्हणाली.

दुसऱ्या दिवशी दुपारी पल्लवीच्या दिवाणखान्यात पाय ठेवायला जागा नव्हती. काळ्या साड्या, काळी झबली, अत्तर, आणि कुणीतरी आणलेलं एक रडकं पोर. पुरुष मी एकटाच, शिवाय पाटावरचं बाळ. त्याचा मुकुट डोळ्यांवर घसरत होता आणि तो हार चोखत होता. शेजारी काळा फ्रॉक घालून जुई. मुकुट तिच्या डोक्यावर चपखल बसला होता. मान तिनं अशी ताठ धरली होती की जणू ती कधी पडलीच नव्हती.

तिला लागूनच मैथिली मांडी घालून बसली होती. फोटो काढणाऱ्या बायका तिला "जरा बाजूला व्हा ना" म्हणत होत्या. ती होत नव्हती.

मग पल्लवीच्या सासूबाईंनी सूप उचललं. बोरं, उसाचे करवे, चुरमुरे, हरभऱ्याचे घाटे, हलवा, लिमलेटच्या गोळ्या, आणि आता काळ बदलला म्हणून चांदीच्या कागदातली चॉकलेटं. बाळाच्या डोक्यावरून ते सगळं एकदम ओतलं, आणि खोलीतली झाडून सगळी मुलं त्यावर तुटून पडली.

बोरन्हाण ज्यानं बघितलं नसेल त्याला सांगतो: त्यात धार्मिक काही नसतं, लूट असते. मुलं एकमेकांच्या पाठीवरून गेली. कुणाची वेणी ओढली गेली. बाळ घाबरून किंचाळलं, तसं पल्लवीनं त्याला उचललं. पल्लवीच्या पायात कुणीतरी घुसलं आणि तोल सावरताना तिनं जवळ दिसली त्या मांडीवर बाळ सोडलं. ती मांडी मैथिलीची होती.

तिनं बाळाला झेललं. कुणीही झेललं असतं. त्याच्या घशात बोर गेलं नाही ना म्हणून तोंडात बोट घातलं, त्याला उभं धरलं, पाठ थोपटली, परत दिलं. आणि वळून बघितलं.

जुईच्या हारात मधेच नुसता दोरा दिसत होता. आणि ओठाच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी लागलं होतं.

मैथिली ओरडली नाही. तिनं जुईला कडेवर घेतलं आणि गर्दीतून वाट काढत निघाली. कुणीतरी विचारलं, तेव्हा "शू लागलीय" म्हणाली. मी मागोमाग गेलो. आक्का पलीकडच्या कोपऱ्यात बायकांच्या घोळक्यात बसली होती. मैथिलीनं तिच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

"तोंड उघड."

आमच्या बाथरूममधल्या स्टुलावर जुई ओठ घट्ट मिटून बसली होती. मुकुट मैथिलीनं काढून वॉशिंग मशीनवर ठेवला होता.

"जुई, काय खाल्लंस? मी रागावणार नाही."

हे वाक्य ती ज्या आवाजात म्हणाली, त्या आवाजाला मीसुद्धा काही कबूल केलं नसतं.

"जमिनीवरचं उचललंस का? चॉकलेट? चुरमुरे?"

जुई माझ्याकडे बघायची, आईकडे बघायची, आणि ओठ आणखी आत घ्यायची. मैथिलीनं पुण्याला फोन लावला. आहार ठरवून देणाऱ्या शर्वरी मॅडमनी सणाच्या दिवशीही उचलला, आणि मैथिलीनं तो स्पीकरवर टाकला.

"घाबरू नका," शर्वरी मॅडम म्हणाल्या. "आधी मला सांगा, पोटात गेलं किती? एका दाण्यात साखर किती असेल?"

"माहीत नाही. घरी केलेला आहे."

"मग ज्यांनी केला त्यांना विचारा. लघवीची पट्टी आता बघा आणि संध्याकाळी पुन्हा बघा. साखर गेली असेल तर रंग उतरायला वेळ लागतो, आत्ताच्या पट्टीवर विसंबू नका. आणि उद्यापर्यंत तिला एकटीला उभं राहू देऊ नका."

फोन ठेवल्यावर मैथिली दाराआड गेली. परत आली तेव्हा तिच्या हातात लाल हेल्मेट होतं. तिनं ते जुईच्या डोक्यावर ठेवलं आणि हनुवटीखाली पट्टा लावला. टाक्यांच्या व्रणावरून. जुई रडली नाही. रडली असती तर बरं झालं असतं.

"बाबा, आत्यांना विचारून या. एका दाण्यात किती साखर. ग्रॅममध्ये. गोष्टी नकोत, आकडा हवा."

मी समोर गेलो.

आक्का रंगात आली होती. हळदीकुंकू सुरू झालं होतं आणि बायका बाळाच्या हाराचे काटे चष्मा लावून तपासत होत्या.

"आक्का, जरा काम आहे."

"बोल की इथंच."

"एका दाण्याला साखर किती लागते?"

घोळका खदखदून हसला. "घ्या! आता भाऊसुद्धा कृती विचारायला लागले," कुणीतरी म्हणालं.

"माझ्या आईनं मला सांगितली," आक्का तोऱ्यात म्हणाली, "मी अजून कुणाला सांगितलेली नाही. हा तर पुरुष. ह्याला दूध तापवता येत नाही."

"आक्का, किती?"

"मरताना सांगेन."

पुन्हा हशा. मी तिच्या कानाशी वाकलो. माझ्या कमरेला वाकणं मानवत नाही, हे तिला ठाऊक होतं. तिचं हसू तिथंच अर्धं राहिलं.

"जुईच्या हारातले दाणे गेलेत," मी म्हणालो. "तोंडाला पांढरं लागलंय. मैथिलीनं पुन्हा हेल्मेट घातलंय."

जमिनीवरून उठायला आक्काला एरवी दोन माणसं आणि तीन देव लागायचे. ती कुणाचाही हात न धरता उठली.

"काय झालं हो?" बायकांनी विचारलं.

"काही नाही. दिगूचा चष्मा हरवलाय," ती म्हणाली. चष्मा माझ्या नाकावर होता.

ती आत शिरली तेव्हा नळ बारीक सोडलेला होता, जुईला शू व्हावी म्हणून, आणि तिला होत नव्हती. मैथिली फरशीवर उकिडवी बसली होती. तिनं वर बघितलं आणि इतके महिने न बोललेलं सगळं एकदम बाहेर आलं.

"झालं समाधान? दिवाळीला अनारसा, आता हा साज! तुमची हौस होते हो, आत्या. तुम्ही दुसऱ्या दिवशी एस.टी.त बसता. पडते माझी पोर. रात्रभर तिच्या उशाशी मी बसते. तुम्हाला काय, चार बायकांनी वा वा केलं की झालं!"

आक्कानं वॉशिंग मशीनवरचा मुकुट उचलला, त्याच्या टोकाचा दाणा मोडला आणि मैथिलीपुढे धरला.

"आ कर."

"आत्या, आत्ता मला—"

"आ कर म्हणते!"

दाणा तिनं जवळजवळ कोंबलाच. मैथिलीचं तोंड वाकडं झालं. तिनं बेसिनमध्ये थुंकलं, चूळ भरली आणि ओला हात तसाच ओठांवर ठेवून आक्काकडे बघत राहिली.

"मीठ," ती म्हणाली.

"मीठच. साखर ह्या दाराच्या आत मी आणीन? एकदा आणली, ती पोरीच्या हनुवटीवर दिसतेय अजून." आक्का स्टुलाशेजारी भिंतीला टेकली. "साखर गुणी असते. पाक सोडला की चढते. मीठ मेलं हट्टी, बसतच नाही. बसलं की पडतं. धनुर्मासभर तेच करतेय. आणि घाम लागला की पाणी सुटतं त्याला, म्हणून गळले असतील दाणे."

मी फ्रिजवरच्या खोक्याचा विचार करत होतो. मुंग्यांना तिनं खरंच सांगून ठेवलं होतं.

"मग सांगितलं का नाही?" मैथिलीचा आवाज फुटला. "काल सांगायचं ना!"

"सांगितलं असतं तर तू पोरीला सांगितलं असतंस. आई खरं बोलते." आक्का खालच्या आवाजात म्हणाली. "गळ्यातलं तू राखलं असतंस गं. खाली जो सडा पडणार होता, तो कोण राखणार? सगळी पोरं खात असताना ही किती वेळ हात मागे बांधून बसेल? मी म्हटलं, आधी गळ्यातलं चाटू दे. एकदा खारट लागलं की दुसऱ्याला शिवणार नाही."

"आणि शिवली असेल तर?"

आक्कानं चिकटपट्ट्यांच्या बोटांनी मुकुट पोटाशी धरला. नळाची बारीक धार चालू होती. आम्ही तीन मोठी माणसं स्टुलावरच्या त्या लाल हेल्मेटकडे बघत होतो.

मी पुन्हा वाकलो. कंबर बोलली, तिला गप्प केलं.

"जुई, माझ्या कानात सांग. आईला नको सांगू."

मग हेल्मेटची कड माझ्या कानाला लागली.

"आजोबा, पल्लवीकाकूला सांगणार नाही ना?"

"नाही."

"शपथ?"

"शपथ."

"हलवा खारट असतो." तिचा श्वास गरम लागत होता. "मी हारातला चाटला. शी! मग थुंकला. ती सगळी मुलं खारट खातात, आणि उगाच गोड आहे, गोड आहे म्हणतात. काकूला वाईट वाटू नये म्हणून."

"आणि खाली पडलेलं? चॉकलेट?"

"ईऽ! ते पण तसलंच असणार. मी कशाला खाऊ?"

ती कानात सांगत होती, पण मुलांचं कानात सांगणं सगळ्या घराला ऐकू जातं. मैथिली बेसिनपाशी उभी होती ती तिथंच खाली बसली. मग तिचे खांदे हलू लागले. ती रडतेय की हसतेय हे मला तेव्हा कळलं नाही; तिलाही कळत नसावं.

"आता झाली," जुई म्हणाली. "शू."

पट्टी हवी तशी गडद जांभळी झाली, भरताच्या वांग्यासारखी. अर्थात आत्ताच्या पट्टीवर विसंबायचं नव्हतं. तरी मैथिलीनं हेल्मेटचा पट्टा सोडवला. आक्काच्या हातातून मुकुट घेतला, दाणा मोडला होता ती बाजू मागे केली आणि तो जुईच्या डोक्यावर ठेवला.

"चला," ती म्हणाली. "फोटो राहिलेत."

दारातून बाहेर पडताना ती थांबली.

"आत्या, हिला सांगायचं नाही."

"मी तर मरतानासुद्धा सांगणार नाही," आक्का म्हणाली.

पल्लवीच्या घोळक्यानं विचारलं, चष्मा सापडला का. मी म्हणालो, सापडला, बाथरूममध्ये होता.

संध्याकाळची पट्टी जांभळीच आली. पण त्या रात्री आमच्यापैकी कुणी झोपलं असेल असं वाटत नाही. सकाळी जुई उठली, मोरीपर्यंत स्वतः चालत गेली, उंबरा ओलांडला, चूळ भरली आणि परत आली. तिच्यामागे भिंतीच्या कडेकडेनं आम्ही तिघं चाललो होतो. "तुम्ही सगळे काय करताय?" तिनं विचारलं. आक्का म्हणाली, "कोळ्याची जाळी शोधतोय." त्या आठवड्यात मैथिलीनं हेल्मेट माळ्यावर टाकलं.

आहार चालू होता तोवर प्रत्येक संक्रांतीला आक्का भाजलेल्या बोटांनी कुरुंदवाडहून यायची. हातात दोन खोकी. समोरच्यांचं दाराबाहेर परातीतल्या पाण्यात, जुईचं फ्रिजवर. जुई तिच्या खोक्यातला एक दाणा मान राखण्यापुरता जिभेला लावायची, "छान झालाय हं, आक्काआजी" म्हणायची आणि कोपऱ्यात जाऊन थुंकायची.

मग डॉक्टरांनी आहार हळूहळू उतरवत नेला. लोणी कमी झालं, भात आला, पोळी आली. ओट्यावरचा काटा एक दिवस दिसेनासा झाला. पुढची संक्रांत आली तेव्हा आक्कानं एकच खोकं आणलं. तिच्या बोटांना एक-दोनच चिकटपट्ट्या होत्या. साखरेचा, केशर घातलेला हलवा. तिच्या आयुष्यातला सगळ्यात चांगला, असं ती स्वतः म्हणाली.

तिनं जुईच्या तळहातावर एक दाणा ठेवला. मैथिली ओट्यापाशी हातातलं फडकं तसंच धरून उभी होती. मी वर्तमानपत्राच्या आड होतो, पण वर्तमानपत्र खाली होतं.

जुईनं दाणा तोंडात टाकला. चावला. कपाळाला आठ्या घातल्या. गिळला. मग आक्काकडे बघून, तिला वाईट वाटू नये अशा बेतानं म्हणाली,

"आक्काआजी, यंदा बिघडलाय गं. मीठ घालायला विसरलीस."

आक्कानं पदर तोंडाला लावला.

"हो गं बाई," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी घालीन."